फोटोसाठी भिंगाची दुर्बीण घ्यायची तर कॅमेऱ्यापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला राहता, हाताशी कॅनन २००डी कॅमेरा आहे, एचईक्यू-५ माउंट (दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारे यंत्र) घेऊन झाले आहे आणि आता आकाशाच्या फोटोंसाठी भिंगाची दुर्बीण घ्यायची आहे. तीन पर्यायांवर येऊन थांबला आहात: १०२ मिमी व्यासाची एफ/७ ईडी डबलेट (रंगदोष कमी करणाऱ्या ईडी काचेची, दोन भिंगांची), ८० मिमीची एफ/६ ट्रिपलेट (तीन भिंगांची) आणि ७२ मिमीची एफ/५.६, पाच भिंगांची (एफचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले व्यास, आणि फोकल लेंथ म्हणजे भिंगापासून चित्र पडते तिथवरचे अंतर). मन १०२ कडे ओढते आहे, कारण व्यास जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, असे आजवर ऐकत आलात.

उत्तर आधी सांगून टाकतो: ७२ घ्या. शनीची कडी आणि चंद्राची विवरे डोळ्यांनी पाहायला काय घेऊ असे विचारले असते, तर १०२ च सांगितली असती. फोटोचे गणित वेगळे आहे. पुढचे भिंग केवढे आणि काच कोणती, हे आपण आधी विचारतो. मागे कॅमेरा लागणार आहे हे पैसे मोजून झाल्यावर आठवते. फोटोची दुर्बीण मागून पुढे निवडावी. आधी सेन्सर, मग त्याच्या कोपऱ्यापर्यंत चित्र नीट पोहोचते का ते, मग फोकसर (कॅमेरा मागेपुढे सरकवून फोकस जुळवणारा भाग), आणि सगळ्यात शेवटी पुढच्या भिंगाचा व्यास.

ही काही डिजिटल जमान्यातली नवी अक्कल नव्हे. १८८७ साली पॅरिसमध्ये देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ जमले आणि सगळ्या आकाशाचे फोटो घेऊन नकाशा करायचे ठरले. त्यासाठी जी प्रमाणित दुर्बीण निवडली गेली ती ३३ सेंमी व्यासाची आणि सुमारे ३.४३ मीटर फोकल लेंथची होती. ही लांबी मुद्दाम ठरवलेली होती, कारण तिच्यामुळे काचेच्या प्लेटवरचा १ मिमी म्हणजे आकाशातला १ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग) होतो. आणि त्या भिंगाची रंगदुरुस्ती डोळ्याला भावणाऱ्या पिवळ्या-हिरव्या प्रकाशासाठी केलेली नव्हती. निळ्या-जांभळ्यासाठी केलेली होती, कारण त्या काळच्या प्लेटा त्याच प्रकाशाला प्रतिसाद देत. हैदराबादची निजामिया वेधशाळाही पुढे या प्रकल्पात सामील झाली. उलट टोक पाहायचे तर अमेरिकेतल्या यर्कीस वेधशाळेची १८९७ ची ४० इंची दुर्बीण: संशोधनासाठी वापरलेल्या भिंगाच्या दुर्बिणींमधली सगळ्यात मोठी, पण डोळ्यासाठी घडवलेली. तिच्यातून फोटो घ्यायचे तर पिवळा फिल्टर लावून निळा प्रकाश अडवावा लागे. प्लेट काय मागते ते पाहून दुर्बीण बांधायची, हा त्या पॅरिसवाल्यांचा धडा. प्लेटच्या जागी आता तुमचा २००डी आहे, एवढाच फरक.

तर तुमच्या सेन्सरचे आकडे मांडू. २२.३ × १४.९ मिमी, कर्ण सुमारे २७ मिमी, पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा. दोन सूत्रे पाठ करून ठेवा. पिक्सेलचे माप मायक्रॉनमध्ये घेऊन २०६ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने भागा, की एका पिक्सेलवर किती आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) आकाश पडते ते कळते. सेन्सरची बाजू मिलिमीटरमध्ये घेऊन ५७.३ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा, की फ्रेम किती अंशांची ते कळते. १०२ ची फोकल लेंथ ७१४ मिमी, म्हणजे पिक्सेलला १.०७ आर्कसेकंद आणि फ्रेम १.८ × १.२ अंश. ८० ची ४८० मिमी: १.६ आर्कसेकंद, २.७ × १.८ अंश. ७२ ची ४०० मिमी: १.९ आर्कसेकंद, ३.२ × २.१ अंश.

आता आकाशाकडे बघा. देवयानी दीर्घिका लांबीला ३ अंशांच्या आसपास आहे. कृत्तिका आजूबाजूच्या निळ्या धुक्यासकट घ्यायच्या तर २ अंश लागतात. रोझेट तेजोमेघ १.३ अंशांचा. मृगाच्या पट्ट्यातला घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ, त्याच्या शेजारचा ज्वाला तेजोमेघ आणि थोडी मोकळी जागा, एवढे एका फ्रेममध्ये हवे असते. नवीन माणूस पहिल्या दोन हिवाळ्यांत ज्या ज्या गोष्टी टिपतो त्या बहुतेक सगळ्या ४०० मिमीत मावतात आणि ७१४ मिमीत कापल्या जातात. चार तुकडे घेऊन जोडता येतात, पण मग वेळही चौपट.

१.०७ आर्कसेकंद हा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण तो पेलायला वातावरण हवे. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून रात्री अकरापर्यंत गरम हवा उठत असते. शहरातल्या गच्चीवर ताऱ्याचा ठिपका ३-४ आर्कसेकंदांचा होणे हे नेहमीचेच. त्यात एचईक्यू-५ चे गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत दुरुस्त करणे) चांगल्या रात्री १ आर्कसेकंदाच्या आसपास राहते, नीट जुळवून घेतले तर त्याहून थोडे खाली. ४०० मिमीवर हा दोष अर्ध्या पिक्सेलचा. ७१४ वर तो पूर्ण पिक्सेलचा होतो, आणि गच्चीवर वाऱ्याची झुळूक आली की लांब नळी शिडासारखी वागते. ४०० मिमीवर तारे किंचित चौकोनी दिसतात अशी तक्रार लोक करतात. खरी आहे. प्रत्येक एक्स्पोजरनंतर माउंट काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवत गेलात आणि स्टॅक करताना (अनेक फोटो एकावर एक रचताना) ड्रिझल ही बारीक पिक्सेलांवर रचण्याची पद्धत वापरली, की ती बऱ्यापैकी जाते.

आता सगळ्यात कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टीकडे येतो. साध्या भिंगाचे चित्र सपाट पडद्यावर पडत नाही, वाटीसारख्या वाकलेल्या पृष्ठभागावर पडते. त्या वाटीची त्रिज्या ढोबळमानाने फोकल लेंथच्या एक तृतीयांश असते. डोळ्याला हे जाणवत नाही, कारण आपण मधोमध बघतो आणि डोळा स्वतः थोडे जुळवून घेतो. सेन्सर मात्र ठार सपाट. ४८० मिमीच्या दुर्बिणीचा हिशोब करू: त्रिज्या सुमारे १६५ मिमी, तुमच्या सेन्सरचा कोपरा मध्यापासून १३.४ मिमीवर. कोपऱ्याचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. मध्यभागी फोकस अचूक असेल तर कोपऱ्यात फोकस अर्धा मिलिमीटर चुकलेला आहे. एफ/६ वर फोकसची सगळी मुभा सुमारे ०.०९ मिमी असते. अर्धा मिलिमीटर चुकल्याने कोपऱ्यातला तारा ८० मायक्रॉनहून मोठा, म्हणजे वीस-बावीस पिक्सेलांचा होतो. त्याला तारा म्हणायचे की लाडू, ते तुम्ही ठरवा.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: ट्रिपलेट घेतली की कोपरे सुधारतात. अजिबात नाही. तिसरे भिंग रंगासाठी असते. क्षेत्राची वक्रता ट्रिपलेटमध्येही डबलेटइतकीच राहते. ती काढायला मागे वेगळा भिंगसमूह लागतो, त्यालाच फ्लॅटनर म्हणतात. म्हणून जाहिरातीत ८० ची आणि ७२ ची किंमत शेजारी ठेवून तुलना करू नका. ८० च्या किमतीत फ्लॅटनरची किंमत मिळवा, मग करा. १०२ चेही तेच.

फ्लॅटनर आला की त्याच्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर सांभाळावे लागते. बहुतेक ठिकाणी हे अंतर ५५ मिमी मागतात. कॅननच्या डीएसएलआरमध्ये माउंटच्या कडेपासून सेन्सर ४४ मिमी आत असतो आणि टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११ मिमीची असते, त्यामुळे ५५ आपोआप जुळते. निकॉनच्या डीएसएलआरला ४६.५ अधिक ८.५. पुढे मिररलेस घेतलात तर कॅनन आरएफमध्ये हे अंतर २० मिमीच आहे, मग मध्ये नळकांडे घालावे लागते. वाटेत २ मिमी जाडीचा फिल्टर आला तर काचेमुळे फोकस सुमारे ०.७ मिमी मागे जातो, तेवढे अंतर वाढवायचे. चुकले की कोपरे लगेच सांगतात. बहुतेक फ्लॅटनरांमध्ये तारे मध्याकडे टोक करून लांबट झाले तर सेन्सर फार जवळ आहे, आणि मध्याभोवती गोल फिरल्यासारखे ताणले गेले तर फार लांब आहे. चारही कोपरे वेगवेगळे बिघडलेले असतील तर अंतराशी खेळत बसू नका. काहीतरी तिरके बसले आहे. टी-रिंगचे छोटे स्क्रू आधी तपासा.

पाच भिंगांच्या ७२ मध्ये हा मागचा भिंगसमूह नळीतच कायमचा बसवलेला असतो. पुढे तीन, मागे दोन. सगळी भिंगे फोकसरच्या पुढे असतील तर ५५ मिमीची कटकटही नाही. कॅमेरा लावा, फोकस करा, झाले. एका जोडाच्या बऱ्याच मागे दुसरा जोड ठेवायची युक्ती योझेफ पेट्झवालची, १८४० सालची, माणसांचे फोटो काढण्याच्या भिंगासाठी. गंमत अशी की त्याच्या मूळ भिंगाचे क्षेत्र मुळीच सपाट नव्हते. कडेला गेलात की चित्र सुटायचे, आणि पोर्ट्रेटमध्ये लोकांना ते आवडायचेही. दुर्बिणी बनवणाऱ्यांनी तीच मांडणी घेऊन मागच्या समूहाकडून क्षेत्र सपाट करून घेतले. ताकाहाशीची एफएसक्यू-१०६ ही या घराण्यातली सगळ्यात नावाजलेली, १०६ मिमी, एफ/५. विल्यम ऑप्टिक्सची रेडकॅट ५१ आणि आस्करच्या एफआरए मालिकेतल्या दुर्बिणी याच वाटेच्या, त्यातल्या त्यात परवडणाऱ्या. तुमची ७२ याच जातीची आहे.

या रचनेत खोट नाही असे नाही. आतला मागचा समूह कारखान्यात जुळवलेला असतो. वाहतुकीत आपटला आणि जरासा कलला, तर घरी दुरुस्त करणे आपल्या हातात नसते. डबलेटला वेगळा फ्लॅटनर असेल तर निदान तो बदलता येतो. म्हणून अशी दुर्बीण परत करण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, आणि ती मुदत पावसाळ्यात येऊ देऊ नका. जूनमध्ये दुर्बीण घरी आली आणि पहिला तारा ऑक्टोबरमध्ये दिसला, तर तक्रार कोण ऐकणार?

रंगाविषयी. साध्या ॲक्रोमॅट (दोन साध्या काचांच्या) भिंगात लाल आणि निळा प्रकाश एका जागी आणला, तरी हिरव्यापासून तो फोकल लेंथच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका लांब राहतो. ७१४ मिमीला हे ०.३५ मिमी होते. त्याहून पलीकडचा जांभळा, ४३५ नॅनोमीटरच्या आसपासचा, आणखी खूप लांब जातो. रात्री डोळ्याला तो जांभळा फारसा दिसत नाही, सेन्सरला छान दिसतो. म्हणून डोळ्याने पाहताना बरी वाटणारी दुर्बीण फोटोत व्याधाभोवती निळे वलय काढते. ईडी काचेमुळे हे पुष्कळ आवरते. ओहाराची एफपीएल-५३, होयाची एफसीडी१०० या काचा गुणधर्माने फ्लोराइटच्या जवळ जातात. एफपीएल-५१ आणि चिनी एफके६१ त्याच्या एक पायरी खाली. पण काचेचे नाव म्हणजे दुर्बिणीची जात नव्हे. तिच्या जोडीला दुसरी काच कोणती, भिंग किती काळजीने घासले आहे, एफ-गुणोत्तर किती, यावरही तितकेच ठरते. एफ/७ ची एफपीएल-५३ डबलेट एफ/५ च्या साधारण ट्रिपलेटपेक्षा रंगाला स्वच्छ असू शकते. तुमच्या १०२ विषयी माझी तक्रार रंगाची नाहीच.

एक गोष्ट दुर्बिणीच्या माथी मारू नका. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारागुच्छ नाशिकहून जास्तीत जास्त २२ अंश वर येतो. इतक्या खाली वातावरणच लोलकासारखे काम करते आणि निळ्या-लाल प्रकाशात तीनेक आर्कसेकंदांची फारकत पाडते. ताऱ्याची एक कड निळी आणि समोरची लाल दिसली, आणि फ्रेमभर सगळ्या ताऱ्यांची तीच बाजू निळी असेल, तर तो दोष हवेचा. भिंगाचा दोष वलयासारखा चहूबाजूंनी दिसतो. स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा थर वेगवेगळे जुळवून घेतले की हे जाते.

आता व्यासाचा युक्तिवाद, कारण तो खोटा नाही. १०२ चे भिंग ७२ च्या दुप्पट प्रकाश गोळा करते. पण पसरट तेजोमेघाचा एका पिक्सेलवर पडणारा प्रकाश एफ-गुणोत्तरावर ठरतो, आणि तिथे एफ/५.६ ला एफ/७ च्या दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश मिळतो. याउलट लहानशी दीर्घिका घेतली, समजा एम५१, तर त्या दीर्घिकेतून एकूण किती प्रकाश आला यावर तपशील ठरतो आणि तिथे १०२ सरळ जिंकते. ०.८ चा रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारा मागचा भिंगसमूह) लावून १०२ लाही एफ/५.६ करता येते, ५७१ मिमी होते, आणि तो खरोखर सुंदर संच आहे. मात्र रिड्यूसरमुळे सेन्सरच्या कोपऱ्यांवरचा ताण वाढतो, फोकसची मुभा कमी होते आणि खर्च पुन्हा वर जातो. वसंतातल्या दीर्घिकांचे वेड लागले की दुसरी दुर्बीण म्हणून ती घ्या. तोवर गायडिंगही हाताला बसलेले असेल.

फोकसर हा या सगळ्यातला गरीब भाऊ. त्याच्याविषयी कोणी विचारत नाही. कॅमेरा, टी-रिंग आणि फ्लॅटनर मिळून किलोभर वजन त्याच्या टोकाला लटकते. दुर्बीण डोक्यावर रोखली की घर्षणावर चालणारे स्वस्त क्रेफर्ड फोकसर हळूहळू घसरतात, आणि सकाळी कळते की रात्री दोननंतरचे सगळे फोटो गेले. दातेरी पट्टीचा फोकसर घ्या. दुकानात किंवा कोणाच्या घरी बघायला मिळाला तर कॅमेरा लावून, नळी उभी करून, लॉक न लावता दहा मिनिटे ठेवून बघा. फोकसरची नळी बाहेर काढून हलकेच हलवा. बोटांना खेळ जाणवला तर सेन्सर कलणार.

तापमानाचा हिशोबही इथेच. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन आकुंचन पावते. ४८० मिमीला ते ११ मायक्रॉन होते. फोकसची मुभा ९० मायक्रॉन, म्हणजे अचूक जागेपासून दोन्हीकडे ४५. पारा चार अंश उतरला की तुम्ही मुभेच्या काठावर आलात. डिसेंबरात नाशिकला संध्याकाळ ते पहाट यांत दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून संध्याकाळी एकदा फोकस करून झोपायला जाण्यात अर्थ नाही. सुरुवातीला बाहतिनॉव्ह मास्क (खाचा पाडलेली चकती) पुरेल: दुर्बिणीच्या तोंडावर लावा, ठळक ताऱ्यावर रोखा, मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोबर मध्ये आणा, मास्क काढा. तासातासाने करा. काढायला विसरलात तर प्रत्येक तारा फुलीसारखा येईल, तेव्हा कळेलच. पुढे मोटरवाला फोकसर लावता येईल अशी जागा दुर्बिणीवर आहे का, एवढे आत्ताच बघून ठेवा.

माउंटविषयी एकच. २० अंश अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशच वर असतो, त्यामुळे माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा पडतो. काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडच्या पायाजवळून फिरतो आणि जड दुर्बिणीला जास्त वजने लावली की ती पायाला अडकण्याची भीती असते. पहिल्या वेळी मोटर बंद ठेवून, क्लच सैल करून हाताने पूर्ण फिरवून बघा. हलक्या ७२ ला एकच वजन आणि तेही वर सरकवून पुरते. कंपनीने माउंटची जी क्षमता लिहिलेली असते ती डोळ्याने पाहण्याची समजा. फोटोसाठी तिच्या साठ टक्क्यांच्या आत राहा.

आपल्याकडचे वेळापत्रक परदेशी व्हिडिओंवरून ठरवू नका. आकाशगंगेचे केंद्र मध्यरात्री दक्षिणेला सगळ्यात वर येते ते जूनच्या शेवटी, आणि तेव्हा आपण छत्री शोधत असतो. धनु राशीतले एम८ आणि एम२० हे तेजोमेघ मार्च ते मे या काळात पहाटे घ्यायचे. दोघांत साधारण दीड अंशाचे अंतर आहे, ४०० मिमीत एका फ्रेममध्ये झकास बसतात. उत्तरेकडच्या लोकांना ते क्षितिजावर चिकटलेले दिसतात. तुमच्याकडे ४५ अंशांच्या वर येतात, हा आपला फायदा. ऑक्टोबर-नोव्हेंबर देवयानीचा, डिसेंबर ते फेब्रुवारी मृग, कृत्तिका, रोझेटचा. नाशिकच्या गच्चीवरून कृत्तिकांचे निळे धुके काढणे जिवावर येईल. त्यासाठी भंडारदऱ्याच्या बाजूला जा, शहराचा उजेड पाठीमागे राहील असा कोपरा निवडा. कधी विदर्भात जाणे झाले तर पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे, भारतातला पहिला.

दुर्बीण घरी आल्यावर तपासणी अशी करा. आकाशगंगेच्या दाट भागावर रोखा, ३० सेकंदांचा एकच फोटो घ्या, कच्च्या फाइलमध्ये शंभर टक्के मोठा करून चारही कोपरे बघा. मग निळा थर वेगळा काढून तारे किती फुगले आहेत ते बघा. मग व्याध किंवा अगस्त्यासारखा ठळक तारा मध्यभागी घ्या. तीन कोन किंवा सहा टोके दिसली तर भिंग त्याच्या कड्यात आवळले गेले आहे. थंडीत धातू आकसला की हे होते. असे असेल तर परत पाठवा, स्वतः स्क्रू सैल करायला जाऊ नका. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याकडे रंगवून-सजवून केलेला फोटो मागू नका, अशीच एक कच्ची फ्रेम मागा. टाळाटाळ झाली तर पुढचा विक्रेता बघा. त्याआधी जमले तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला जाऊन या. दोन-तीन संच प्रत्यक्ष चालताना पाहिले की माझ्या या उत्तरातले निम्मे काम होईल.

पावसाळ्यासाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दहा पैशांचा शहाणपणा: डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा. भिंगावर बुरशी चढली की कोटिंगसकट जाते. हिवाळ्यात पुढच्या भिंगाभोवती दवपट्टी (भिंग किंचित गरम ठेवणारी पट्टी) हवीच. दवाने भिंग धूसर झाले की तारे हळूहळू फुगतात आणि आपण उगाच फोकसला दोष देतो.

शेवटी तुम्ही विचारलेली दुसरी गोष्ट: कॅमेऱ्यातला फिल्टर काढून घ्यावा का? तुमच्या २००डी मधला कारखान्यातला फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून रोझेट फिकट येईल. फिल्टर काढला की तो लाल रंग खुलतो, पण त्याबरोबर अतिनील आणि अवरक्त प्रकाशही आत येतो. तो कोणत्याही भिंगाच्या दुर्बिणीत नीट फोकस होत नाही आणि तारे फुगतात. म्हणजे यूव्ही-आयआर कट फिल्टर वेगळा घेणे आले. पहिला हिवाळा कॅमेरा आहे तसा ठेवा, देवयानी, कृत्तिका आणि मृगातला मोठा तेजोमेघ घ्या. या तिघांना हायड्रोजन-अल्फाची फारशी गरज नाही. गायडिंग आणि फोकस जमले, आणि रोझेटचा मोह आवरेना, तर तेव्हा कॅमेरा उघडायला द्या. गच्चीवरच काम करायचे असेल तर त्याच वेळी दोन पट्ट्यांचा नॅरोबँड फिल्टरही (ठरावीक दोन रंगांचाच प्रकाश आत सोडणारा) घ्या. न उघडलेल्या कॅमेऱ्यावर तो फिल्टर लावून पैसे वाया घालवू नका.